दातेरी

चांदी आमच्या गल्लीत येत नाही.
आलीच तर शिपायाबरोबर येते
आणि काहीतरी उचलून नेते.
आमचं सगळं काशावर:
मूठभर मसूर, दिव्याचं तेल,
ओरोंतेसच्या गाळाचा वास मारणारा मासा.
चांदी खणखणते. कासं नुसतं खोकतं,
म्हाताऱ्या शेजाऱ्यासारखं, भिंतीपलीकडून.

लिसानियास अँटिओकच्या टांकसाळीत घण मारायचा.
एकवीस वर्षं.
पोरगं चिमट्यानं तापली चकती ऐरणीवर ठेवणार,
हा डाव्या हातात ठसा धरणार
आणि उजव्यानं घालणार.
खाली राजा, वर हत्ती.
घरी येऊन म्हणायचा,
दिवसभर राजाच्या डोक्यात घालतो
आणि वर तोच मला मजुरी देतो.
हा विनोद मी एकवीस वर्षं ऐकला.

डावा कान तिथंच गेला.
जेवताना मी त्याच्या उजवीकडे बसायचे,
भांडले की डावीकडे.

त्या नाण्यांना कडेनं दात असत,
साच्यातूनच दात घेऊन यायची चकती.
कुणी म्हणे, खोटी पाडणाऱ्यांची जिरावी म्हणून.
कुणी म्हणे, राजाची हौस.
मला एवढंच ठाऊक की ओच्याला भोकं पडायची
आणि मिठवाला आंधळा झब्दाई
अंगठा फिरवून सांगायचा, हे आपलं, हे परक्याचं.

कानामागोमाग हातही सरकला.
लिसानियासचा ठसा नेहमी एका अंगाला बसू लागला.
हत्ती कडेवरून चालता झालेला,
चकतीवर उरलेले मागचे दोन पाय.
मुकादम मेनिप्पोस ओरडला,
हत्ती गेला, शेपूट राहिलं!
सगळी टांकसाळ हसली.
यानं ऐकलंच नाही, तोही हसला.
पगारातून कापले मात्र.

हिवाळ्यात ताप आला. चौथ्या दिवशी गेला.
त्याच्या लोकांत रीत आहे,
जिभेखाली नाणं ठेवायचं, नावाड्यासाठी.
आमच्या लोकांत नाही. आम्ही पाणी ठेवतो, भाकरी ठेवतो.
पण माणूस त्यांचा होता.
मी झब्दाईकडे गेले. काही बोलले नाही.
त्यानं गल्ला उपडा केला, एकेक चाचपत राहिला,
मीठ विकायचं थांबवून,
आणि एक माझ्या हातावर ठेवलं.
हे त्याचं, म्हणाला. हत्ती पळालाय.

आता खरं सांगते.
ते मी त्याच्या तोंडात ठेवलं नाही.
नावाडी पारखून घेणारा निघाला तर?
काठावरच उभं केलं असतं त्याला,
आणि हाका मारल्या असत्या डाव्या बाजूनं.
म्हणून दुसऱ्या कुणाचं चांगलं नाणं शोधलं,
मधोमध उमटलेलं, अख्ख्या सोंडेचं.
त्याचे दात त्याच्या दातांना लागले,
बारीक आवाज झाला.
त्याचं मी ओच्यात बांधलं.

पुढच्या महिन्यात तेल संपलं.
मग मसूर संपली.
पोरीनं दुपारपर्यंत काही मागितलं नाही,
तेच मला सोसलं नाही.
दुकानदारानं नाण्याकडे बघितलंसुद्धा नाही,
गल्ल्यात टाकलं. खोकल्यासारखा आवाज.
मसूर चांगली शिजली त्या रात्री.

तेव्हापासून सुट्टे मिळाले की मी उलटून बघते.
मासेवाली चिडते, मोजून घे ना बाई, बघतेस काय?
राजा बदलला. नव्याला दाढी नाही.
जुनी नाणी चालतात अजून, झिजलेली, दात बोथट झालेली.
चांदी कुठल्या कुठे जाते,
जहाजातून, सैनिकांच्या पट्ट्यातून,
दुसऱ्या राजांच्या मुलुखात.
काशाला वेशीबाहेर कुणी विचारत नाही.
म्हणजे ते इथेच आहे.
कुणाच्या तरी मुठीत, घामानं ओलं,
या गल्लीतून त्या गल्लीत.

आज परत तीन मिळाली.
तिन्हीवर हत्ती पुरता होता.